कुंदेवाडी फाटा, पहाटे पावणेपाच

मणी तडकू नयेत म्हणून
बागेत ओळीओळीने शेकोट्या पेटवल्या होत्या.
धूर धुक्यात मुरला
आणि रस्ता गेला.

त्यातून एक टेम्पो आला, माणसाच्या चालीपेक्षा सावकाश,
दार उघडं, ड्रायव्हर अर्धा बाहेर लोंबकळत
पांढरा पट्टा शोधणारा.
गुहागरचा भुवड.
हाफ शर्ट, पायात स्लीपर, डोक्याला टॉवेल.
मागे रिकामे क्रेट खडखडत होते
की त्याचे दात, कळेना.

"काचेवर काय बसलंय हो हे?"
दवच आहे, म्हटलं. गोठलंय.
त्याने पुडीतली तंबाखू काचेला चोळली.
परशुराम घाटात, धो धो पावसात, चालते म्हणे ही युक्ती.
इथे नुसता तपकिरी चिखल.
मग त्याची नजर माझ्या चुलीवरच्या हंड्याकडे गेली.
नको! ओरडले मी, काच जाईल!
नातवाचं शाळेचं जुनं ओळखपत्र दिलं हातात.
खरवड.

खरवडता खरवडता नखात अडकलेला चुरा
त्याने जिभेवर ठेवून पाहिला,
पन्नाशीचा माणूस.
"आमच्याकडे विकत घेतो आम्ही हा,
मासळीवर टाकायला.
इथे फुकट पडतोय,
आणि कुणाला नकोय."

भाकरीएवढी काच मोकळी झाली,
तेवढ्यातून बघत तो पिंपळगावकडे गेला.
ओळखपत्र त्याच्याकडेच राहिलं.

मी बागेत वळले.
पहिल्या चार ओळींतल्या शेकोट्या
मघाशीच कधीतरी विझल्या होत्या.
घडाला हात लावला नाही,
उजाडेपर्यंत.