एकतीस पॉइंट पाच

तू विचारलंस, सुरुवात कशी करायची.
आधी हात धू. साबणाने, मनगटापर्यंत.
बोटांना अंडाभुर्जीचा वास येतोय तुझ्या,
आणि तिला बोट कुठलं, जेवण कुठलं,
ते वासानेच कळतं.

आता हा फ्रिज बघ. सिंगल डोअर, एकशे पासष्ट लिटर,
सेक्टर सातच्या एका बाईंनी भंगारात काढलेला.
सत्तावीस वर्षं मी कोपरखैरण्यात थंडी दुरुस्त करत हिंडलो,
गॅस भरला, रबर बदललं,
घरोघरी सांगत आलो, दार उघडं ठेवू नका, थंडी जाते.
ह्याचा कॉम्प्रेसर मीच काढून ठेवला.
आत एक हीटर, एक थर्मोस्टॅट, पाण्याच्या चार बाटल्या.
एकतीस पॉइंट पाच.
अर्धा अंश हलला तरी मला झोपेत कळतं.

पारसिकच्या डोंगरातून उतरून
नाल्याच्या जाळीत अडकतो, तो आपला अजगर.
त्याला घरात आणायचं नाही. वनखात्याला फोन करायचा,
आणि ते येईपर्यंत पोरांना दगड मारू द्यायचे नाहीत.
ही बकुळा, बाहेरदेशची.
हिचा कागद आहे, नोंदीचा, देव्हाऱ्यामागे लॅमिनेट करून.
कागद नसेल तर चहा पी आणि जा.

बाप मला म्हणायचा, अजगरासारखा पडून असतोस.
त्याने अजगर कधी बघितला नव्हता.
बकुळाला दीड किलो व्हायला तीन वर्षं लागली.
घाई झालेले लोक हजारातच नर सोडतात.
तू तसा दिसत नाहीस,
पण मघापासून दोनदा किंमत विचारलीस.

डिसेंबरात रात्री जरा गार झाल्या की दामूला तिच्या डब्यात सोडायचं.
दोघं दोन दिवस वेटोळ्यात वेटोळं घालून बसतात.
दामू तेव्हा जेवत नाही, उंदीर तसाच परत काढावा लागतो,
आणि आमची कुंदा म्हणते, आपल्या लग्नात तुम्ही तर तीनदा पानावर बसलात.

मग वाट. फुगते, कात टाकते,
पोट वर करून गार कोपऱ्यात पडते.
एप्रिलच्या एका पहाटे सहा अंडी, एकमेकांना चिकटलेली,
आणि त्यांच्याभोवती ती.

इथे नीट ऐक.
तिला सोडवायचं असतं. शेपटीकडून, एकेक वेढा.
चावत नाही बहुतेक. फक्त परत आवळते.
अंड्यांवर पेन्सिलीने खूण, वरची बाजू वरच राहिली पाहिजे,
उलटलं तर आतला जीव बुडतो.
मग तिला कोमट पाण्याने धुवायचं, डबाही धुवायचा,
कागद बदलायचा,
अंड्यांचा वास उरला तर ती रिकाम्या जागेला
वेढा घालून बसते, महिनोन्‌महिने, उपाशी.

ती धुऊन झाली तेव्हा कुंदा मोरीच्या दारात उभी होती.
मृणाली लुधियानाला गेली जनावरांची डॉक्टर व्हायला
(हे सगळं खूळ तिचंच, आम्ही फक्त सांभाळतो),
तिच्या उशीचा अभ्रा अजून धुतलेला नाही.
कुंदा काही बोलली नाही.
टॉवेल मात्र तिने दिला, चांगल्यातला.

एक अंडं फुसकं निघालं, पिवळं, चपटं.
पाचांना टॉर्च लावली तर आत लाल शिरा,
रस्त्यांच्या नकाशासारख्या.
एकेचाळिसाव्या रात्री सेक्टरची लाइट गेली,
साडेतीन तास.
मी पातेल्यात पाणी तापवत होतो, बाटल्या भरत होतो,
आणि शेजारचे वैती, जे वर्षभर आमच्या दारावरून वाट बदलून जातात,
गॅलरीतून ओरडले, अहो, तुमच्या त्या सापांचं कसं?
बस्स, एवढंच. नंतर पुन्हा बोलले नाहीत.

आज छप्पन्नावा दिवस. वाक, पण श्वास जपून.
ते डावीकडचं बघ, चीर पडलीय.
नाक बाहेर आहे. दीड दिवस असंच राहील,
ना आत, ना बाहेर,
ओढायचं नाही, मदत करायची नाही.

किंमत नंतर सांगतो.
दार लाव आता. ऊब जाते.