दोन क्रेडिट

गुरुवारी दुपारी अडीचला,
कँटीनची मिसळ अजून घशाशी असताना,
आम्ही सतराजण विज्ञानाचा इतिहास शिकायला बसायचो.
खरं सांगायचं तर निम्मे
पॉलिमरचा वर्ग भरला म्हणून इकडे आलेले.
गडहिंग्लजचा प्रसन्नजित म्हणायचा,
इतिहास काय, सनावळी पाठ केली की झालं.
शबिस्ता शेवटच्या बाकावर
सेट-नेटची गणितं सोडवत बसायची.

ओगले बाई फळ्यावर सन लिहीतच नसत.
पहिल्याच तासाला म्हणाल्या,
जळणं म्हणजे काय ते विसरा.
आम्ही हसलो. चार वर्षं रसायनशास्त्र केलेली माणसं आम्ही.
त्या हसल्या नाहीत.
धूर दिसतो, ज्योत दिसते, मागे चिमूटभर राख.
लाकडातून काहीतरी निघून गेलं
असंच शहाणीसुरती माणसं कितीतरी वर्षं मानत होती.
तुम्ही तिथे असता तर?
पाच पानं लिहून आणा, फ्लॉजिस्टनच्या बाजूने.
'चूक' हा शब्द सापडला तर मार्क कापीन.

तीन रात्री बसले.
दर दुसऱ्या ओळीला ऑक्सिजन
पंगतीत आगंतुक घुसावा तसा,
आणि मी त्याला खोडते आहे.
मला माहीत असलेल्यातलं किती थोडं
मी स्वतः पाहिलं होतं
ते खोडताखोडता कळलं.

रविवारी बाबांचा डबा घेऊन दुकानात गेले.
बोहरी आळीच्या तोंडाशी, सात बाय नऊ,
'वजनकाटे दुरुस्त करून, शिक्का मारून मिळतील.'
बटणांचे काटे आल्यापासून येतात ते
भंगारवाले, दोन भाजीवाल्या,
आणि एक सोनार
ज्याचा बॅटरीवर विश्वास नाही.

मी विचारलं,
गंज चढला की माप जड होतं का हलकं?
बाबांनी पाच किलोचं माप उताणं केलं,
तळाच्या भोकातलं शिसं नखानं दाबून पाहिलं.
म्हणाले, धरलाय तोवर जड.
झडला की हलकं.
इन्स्पेक्टर कधी येतो त्यावर आहे.

पाच पानांत बाईंनी हिरव्या शाईनं
अधोरेखित केलं ते हेच.
समासात प्रश्न: हे कोणाचं? तळटीप कुठाय?
मी उभी राहून सांगितलं.
शबिस्तानं गणितातून मान वर केली.

उभीच होते म्हणून विचारून टाकलं.
धातू जाळायच्या आधी तोलला, नंतर तोलला,
तोलणाऱ्यांची तैलचित्रं आहेत, चरित्रं आहेत.
पण बाई, तो तराजू कोणी केला?

बाई खडू घेऊन फळ्यापर्यंत गेल्या
आणि तशाच परत आल्या.
मला माहीत नाही, म्हणाल्या.
इतक्या वर्षांत हे वाक्य
फळ्याच्या त्या बाजूनं
मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी चिठ्ठी आणली.
एका परदेशी कारागिराचं नाव,
उच्चार त्यांनाही नीट येत नव्हता.
सव्वापाचची बस चुकवून
जयकर ग्रंथालयाच्या पायरीवर
मी आणि शबिस्ता ते म्हणून बघत बसलो,
अक्षरं होती त्याहून कमी बोलायची होती.

बाबांनी दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा वेगळं.
मग विचारलं,
दांडीची सुरी कशाची बसवायचा?
पोलादाची का अकीकाची?
चिठ्ठीत नावच होतं फक्त.
बाबा जरा वेळ गप्प राहिले,
मग म्हणाले, अकीकच असणार,
आणि हातातल्या कामाकडे वळले.

मला बी प्लस मिळालं.
प्रसन्नजितला ए, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

चिठ्ठी आता दुकानात आहे,
काउंटरच्या काचेखाली,
शिक्क्याच्या सर्टिफिकेटाशेजारी.
सोनारानं विचारलं, हा कोण? उधारीवाला?
नाही, बाबा म्हणाले.
काटेवाला.