व्हर्लिनचा रुमाल

सीमोर गावाबाहेर, रुळांच्या पलीकडे
व्हर्लिन स्टकीचं गॅरेज. इंडियानातला जानेवारी, उणे बावीस.
लॅपटॉप मी कोटाच्या आत धरून आणलाय
तान्ह्या पोरासारखा;
थंडीत त्याची बॅटरी आधी मान टाकते.

दारात दोन ट्रक.
एक चौऱ्याण्णवचा, चाकांवरच्या पत्र्याची गंजून जाळी झालेली.
त्यात कॉम्प्युटर नाही. लोखंडी पंप आहे,
सहा प्लंजर, एक गव्हर्नर,
आणि व्हर्लिनचा कान.
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून
टोक इंजिनावर टेकवतो नि सांगतो,
चौथा नोझल ठिबकतोय.
चौथाच असतो.

दुसरा मागच्या वर्षीचा. इंजिन आमच्या कंपनीचं.
त्यातही पिस्टन वर आला की डिझेल
किती वेळा, किती, कितव्या अंशाला सोडायचं,
तो तक्ता माझा.
आधी चिमूटभर. पुन्हा चिमूटभर. मग मोठा घास.
मग मागून थोडं, फिल्टरमधली काजळी जाळायला.
जुन्यात सगळं एकदम पडायचं,
म्हणून तो वाजायचा, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.
तो आवाज मी काढून टाकला. चार वर्षं लागली.
व्हर्लिन म्हणतो, मुका केलास गं त्याला.

उद्यमनगरात बाबांच्या टेबलावर
नोझल तपासायचा हातपंप होता.
दांडी दाबली की चुर्र, आणि धुकं,
आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक डाग.
गोल आला तर पास.
एका बाजूला कलला तर बाबा त्याच्याकडे बघायचे
माझ्या गणिताच्या वहीकडे बघावं तसे.
कोल्हापुरात तेव्हा धूर मोजत नव्हतं कुणी.
धूर म्हणजे गाडी चालू आहे.

टॅमरा ओगल्सबी पहाटे घोड्याचा ट्रेलर लावून निघाली
आणि नवा ट्रक ताशी पाच मैलांवर अडून बसला.
दोन तास, चारी दिवे लुकलुकवत, ती इथवर आली.
अजून थरथरतेय. थंडीने नाही, माझ्यावर चिडून.
इंजिन धडधाकट.
युरियाच्या टाकीतला बोटाच्या पेराएवढा सेन्सर
म्हणतोय, पाणी मिसळलंय.
पाणी नाही. तो चुकतोय.
आणि त्याने तक्रार केली की गाडी अडवायची,
ही ओळ आमच्याच मजल्यावर लिहिली गेली,
हीटर लावलेल्या खोलीत, कॉफी पीत.
मी हे टॅमराला सांगत नाही.

सेन्सर बदलते. बोटं पान्याला चिकटतात.
तोवर व्हर्लिन मुद्दाम जुना ट्रक सुरू करतो.
दुसऱ्या झटक्यात उठतो बेटा,
काळा लोट, अंगणातला बर्फ काळा,
ट्रेलरमधला घोडा शिंकतो.
व्हर्लिन हसता हसता खोकतो, बराच वेळ.
ओलेटा होती तेव्हा चादरी घरातच वाळायच्या,
हे त्याने मला एकदाच सांगितलंय,
कार्ब्युरेटरबद्दल बोलत असताना, मधेच.

नवा सुरू होतो. होतो म्हणजे,
हात ठेवल्याशिवाय कळत नाही.
व्हर्लिन मागे जातो. खिशातून रुमाल काढतो,
इस्त्रीचा, पांढरा,
आणि धुराड्यापाशी धरतो. मिनिटभर. जास्तच.
मग उजेडात धरून बघतो,
पाचशेची नोट खोटी असावी अशा नजरेने,
उलट, सुलट.

घडी घालून परत खिशात.
काही बोलत नाही.

मी त्याचा स्क्रूड्रायव्हर उचलते, कानामागे लावते.
"काय म्हणतंय?"
"तिसऱ्यात काहीतरी आहे."
"असणारच," तो म्हणतो. "पाच घास देतेस. एखादा अडकतो."
टॅमरा हॉर्न वाजवते.