काहीच बिघडत नाही

एकतीस वर्षं दर्यावर काढली शौकत परकारांनी,
दर्या पाहिला तो बंदराला लागल्यावर, तेवढाच.
चीफ इंजिनीअर. पाण्याच्या रेषेखाली ड्यूटी,
कानात बोळे, तळव्यांना इंजिनाची थरथर.
झोपेत एक ठोका चुकला तरी
माणूस अनवाणी शिडी उतरायचा म्हणतात.

फंडाचे पैसे आले तसे
हातखंब्याला माझ्या गॅरेजात येऊन म्हणाले,
"नंदू, दोन गाड्या शोधून काढल्यात.
सोबत चल. पोटातलं मी ऐकतो,
पायाखालचं तू बघ."

निळी जर्मन. राखाडी जपानी.
दोन्ही चार-पाच वर्षं वापरलेल्या, तरी
एकीच्या किमतीत आमच्या भुवडवाडीची
सगळी घरं कौलांसकट शाकारून झाली असती.

जयगडच्या सड्यावर रस्ता सरळ जातो,
दोन्हीकडे जांभा, करवंदीच्या जाळ्या.
निळी त्यांनी तिथे सोडली.
पाठीचा कणा चामड्यात रुतला माझा,
खिशातली तंबाखूची पुडी उडाली
ती अजून सापडलेली नाही.
परकार हसत होते, दाढांपर्यंत.
त्यांचं सगळ्यात पळणारं जहाज,
त्यांनीच हिशेब करून सांगितलं,
ताशी सव्वीस किलोमीटर.

राखाडीही पळाली, थोडीशीच मागे.
पण बँकेतल्या माणसासारखी:
आधी सही, मग शिक्का, मग वेग.
सिग्नल नसलेल्या त्या माळावर थांबून
इंजिन चालू आहे ना बघायला
त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

मग मी माझं बोललो.
निळीच्या सस्पेन्शनमध्ये हवा भरलेली,
खारं वारं ते रबर खाणार.
सेन्सर रुसला की आंबा घाट चढून कोल्हापूर,
पार्टला तीन आठवडे, गणपतीत पाच.
राखाडीचं तेल बदला आणि विसरून जा.
"विसरून जा," ते पुटपुटले,
वजनकाट्यावर ठेवून बघावा तसा शब्द.

तवसाळला जायला फेरीबोट धरली,
राखाडी घेऊन दलालाचा पोरगा मागे.
चढताना निळीचं पोट रॅम्पला घासलं,
परकारांनी डोळे मिटून घेतले.
मग दोघी उभ्या, हँडब्रेक ओढून,
एका बाजूला बांगड्याचा टेम्पो,
दुसरीकडे स्कूटरला उलटी टांगलेली कोंबडी.
शास्त्रीच्या खाडीत सगळ्यांचा वेग एक,
बोटीचं जुनं डिझेल देईल तेवढा.

गाड्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.
चप्पल काढून पाऊल लोखंडावर टेकवलं,
खलाशाला म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय."
"दोन वर्सां झाली, चाचा," पोरगा म्हणाला,
"पन पोचवताव."

राखाडी घेतली.

आता दर जुम्म्याला नमाजनंतर येतात.
बॉनेट उघडतात. आत काळं प्लास्टिकचं झाकण,
हात घालायला बोटभर जागा नाही.
तेलाची काडी ओढतात, पुसतात, परत खुपसतात.
"काहीच बिघडत नाही रे," म्हणतात,
शेजाऱ्याची तक्रार सांगावी तसं.
मी कोरा चहा पुढे करतो.
कधी एखाद्या रिक्षाचा कार्बोरेटर देतो उघडायला,
तेवढ्यात त्यांची नखं काळी होतात
आणि चेहरा सुटतो.

काल हायवेवरून निळी गेली.
कुणी आंबेवाल्याने घेतली होती म्हणे, लांज्याच्या.
टोइंगच्या ट्रकवर, मागची चाकं पट्ट्यांनी बांधलेली,
तोंड कोल्हापूरकडे.
पाना हातात तसाच धरून
परकार उठून उभे राहिले.
धूळ बसल्यावरही उभेच.

"आपलं चुकलं नाही ना, नंदू?"

मी बादलीत हात बुडवला,
साबण शोधत राहिलो.