साइड-स्टँड

अल्मेरियाच्या डोंगरात फेब्रुवारीतही ऊन पिकलेलं.
विमानाचं तिकीट कंपनीचं, हॉटेल कंपनीचं,
चामड्याच्या सूटवर माझं नावसुद्धा त्यांनीच शिवलेलं.
कोरडं डांबर, समोरून कुणी येत नाही.
अठरा वर्षं याच धंद्यावर पोट भरणारा मी
वळणात गुडघा टेकवून उठलो
आणि रात्री दुसऱ्या ग्लासानंतर लिहिलं:
सहा हजार आरपीएमच्या पुढे इंजिन गायला लागतं.

महिन्याभरानं ग्रिम्झबीहून पत्र.
रेघांचा कागद, निळं बॉलपेन, मासळीचा वास.
वास मी मनानंच लावला असेन.

महाशय,
इंजिन कुठे गातं ते कळलं.
आता हे सांगा, पहाटे साडेतीनला
लोकरी मोज्यावर रबरी मोजा चढवलेल्या अंगठ्याला
इंडिकेटरचं बटण सापडतं का?
डबा कुठे अडकवायचा?
की तुमच्यात डबा नेत नाहीत?
ओल्या अंगणात साइड-स्टँड रुततो का?
आणि मीठ. आमच्याकडे हवेतच मीठ असतं.
एका हिवाळ्यात नट-बोल्टांचं काय होतं
ते चार दिवसांत तुम्हाला कसं कळणार, मान्य.
पण कळत नाही एवढं तरी लिहा की.
उंची पाच फूट एक, वय अठ्ठावन्न,
काम हॅडॉक कापण्याचं.
ग्लेन्डा ऑस्गर्बी.

संपादक खो खो हसला. म्हणाला, छापू या.
छापलं, स्टँडचं वाक्य तेवढं गाळून.
जागा नव्हती,
शेजारी पानभर टायरची जाहिरात होती.

नोव्हेंबरात तीच गाडी घेऊन मी गेलो.
का गेलो, ते ऑफिसात सांगितलं नाही.
ती गोदीवरून आली, हात उकडलेल्या बिटासारखे लाल,
माझ्याकडे बघितलंच नाही,
बुटाच्या टाचेनं स्टँड दाबला.
स्टँड सावकाश, निर्लज्जपणे चिखलात गेला.
तिनं कोटाच्या खिशातून
घणवटांच्या डब्याचं ठोकून सपाट केलेलं झाकण काढलं,
खाली सरकवलं.
मग गाडीवर बसली. चवडेच टेकले.
फाटकाकडच्या उतारावर गाडीचं नाक खाली करून
एकटीनं मागे ओढून पाहिली,
दोनदा, तिसऱ्यांदा, दम खाऊन चौथ्यांदा.
चाचणी म्हणतात ती ही,
आणि मी हातात हेल्मेट धरून उभा.
गाडी चांगलीय, ती म्हणाली. माझी नाही.

स्वयंपाकघरात आमच्या मासिकाची चळत.
मला वाटलं, स्वस्त, साध्या गाड्यांची पानं दुमडलेली असतील.
दुमडलेलं पान एकच,
दोनशे हॉर्सपॉवरची लालभडक इटालियन,
घड्या पडून पडून मधोमध पांढरी झालेली.
ही? मी विचारलं.
ही वाचायला, ती म्हणाली, किटली ठेवत.
चालवायची असती तर पत्र लिहिलं असतं.

मी चहा ढवळत राहिलो.
इतकी वर्षं मी कुणासाठी लिहितो,
याचं एक उत्तर चिखलात होतं, एक टेबलावर,
आणि दोन्ही उत्तरं त्याच बाईची.

एक विचारू? ती म्हणाली.
तुमचा गुडघा खरंच टेकला होता?
टेकला, मी म्हटलं. एकदा आपोआप.
मग फोटोवाल्यानं अकरा वेळा टेकवायला लावला.
ती इतकी हसली की चहा बशीत सांडला.
त्या लाल गाडीचा फोटोही तसाच का, असं मात्र
तिनं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

पुढच्या अंकाच्या तक्त्यात,
वजन, टाकी, सीटची उंची यांच्या खाली
मी एक ओळ वाढवली: ओल्या अंगणात रुतणे.
समोर लिहिलं, एक.
संपादकानं पेन्सिल थांबवली.
एक काय? एकक लिही.
झाकण, मी म्हटलं.