सोळा बोअर, दस्ता आखूड

कॅल्युमेटच्या रस्त्यावर माझं दुकान.
नोव्हेंबर. सरोवराकडून आडवं येणारं बर्फ.
तो आत आला, कांबळ्यात गुंडाळलेलं काहीतरी
आजारी कोकरासारखं दोन्ही हातांवर घेऊन.
"आजोबांची," म्हणाला. "किती येतील?"

किती येतील हे मी आधी कधीच सांगत नाही.
आधी मोडून बघतो, रिकामी आहे ना.
मग मिटून, कानाशी धरून हलवतो.
बिजागरी म्हातारी झाली असेल तर कुरकुरते.
ही गप्प होती.

नळीवर कोरलेलं: नॉर्थ पाइन.
"ही कंपनी कुठली?"
कंपनी नाहीच. जुने हार्डवेअरवाले
दुनळ्या घाऊक मागवायचे
आणि वर आपल्या आवडीचं नाव ठोकून घ्यायचे.
खरं कूळ आत असतं.
नळ्या उतरवल्या. पोलादाच्या पोटावर
एक आकडा, एक पुसट तारा, बस्स.
काडतुसाचं घर जुन्या मापाचं, आखूड.
आजचं लांब काडतूस त्यात बसेलही,
पण उडवायचं नाही.
हे मी त्याला दोनदा सांगितलं.

नळ्या दोरीला टांगल्या, पेराने टिचकी मारली.
नाद बराच वेळ दुकानात राहिला, खणखणीत.
म्हणजे सांधे शाबूत.
उजव्या नळीला मसुरीएवढा पोचा.
डावीचं तोंड किंचित आवळलेलं, लांबच्या सशासाठी,
उजवी मोकळी, पायाखालून भुर्रकन उठणाऱ्या ग्राऊससाठी.
हरणाच्या वाट्याला न जाणारी,
एका पातेल्यापुरती बंदूक.

साडेतीनशे अगदी ओठावर आले होते.
मग दस्ता खांद्याला लावला
आणि नाक माझ्याच अंगठ्यावर आपटलं.

कुणीतरी करवत चालवलेली.
कापलेला दस्ता म्हणजे निम्मी किंमत गेली,
हे मी मान न वर करता सांगितलं.
मागच्या पट्टीचे दोन स्क्रू सहज फिरले,
पुष्कळदा फिरवलेले फिरतात तसे.
आत अक्रोडाच्या तीन चकत्या, एकावर एक,
कडा पॉलिश कागदाने घासून दस्त्याशी जुळवलेल्या,
आणि प्रत्येकीवर पेन्सिल:
इर्या, दहा.
इर्या, अकरा.
इर्या, तेरा.
खाली कापलेल्या लाकडावर, सर्वांत पुसट,
इर्या, नऊ.

तो उलटसुलट करून वाचत राहिला.
"इर्या माझी आई," म्हणाला.
"पण ती तर सशाच्या रश्शाचं भांडं आलं
की टेबलावरून उठून जायची."
मी स्टोव्हमध्ये एक ओंडका सरकवला.
तेरानंतरचं काही नव्हतं.
स्क्रू मात्र अजून एका चकतीला पुरले असते.

"एकशे सत्तर," मी म्हणालो.
"आणि या चकत्यांशिवाय?"
"तरी एकशे सत्तरच. त्यांना भाव नाही."

त्याने चकत्या एका खिशात घातल्या,
नोटा दुसऱ्या.
दारातून वळून म्हणाला,
आई असते त्या वृद्धाश्रमात
आत जाताना खिसे बघतात हल्ली.
"लाकूड चालत असेल ना?"
मला काय ठाऊक. चालत असेल, म्हणालो.

डब्यात आखूड स्क्रू शोधायला अर्धा तास गेला.
पट्टी बसवली.
आता ती पुन्हा नऊ वर्षांच्या मापाची झाली,
रॅकमध्ये शेजारणींपेक्षा चार बोटं खाली.
कार्डावर लिहिलं: सोळा बोअर, दुनळी, दस्ता आखूड.
मग वही ओढली. तीत एक रकाना असतो,
बंदूक कुणाची होती.
एर्लंड साल्मी, मी लिहिलं,
कायद्याने त्याचंच नाव.
शाई वाळेपर्यंत वही मिटली नाही.