मुदत

मॅसॅच्युसेट्स, जानेवारी १७८८

उद्या बोस्टनला निघायचं, सभेला, गावाच्या वतीने.
घोड्याला नवे नाल. पिशवीत चीज, राईचा पाव,
आणि नव्या घटनेचा छापील कागद,
गावभर फिरून घड्यांवर विरलेला.

भांडी घासता घासता झर्वाया विचारते,
सैन्याचं काय लिहिलंय त्यात?
उभारता येईल, मी सांगतो,
पण पैसा एका वेळी दोनच वर्षांचा.
मग पुन्हा लोकांपुढे हात पसरायचा.

ती घासत राहते, घासलेलंच ताट.

तिच्या माहेरी, बोस्टनला, एक सार्जंट उतरला होता,
चार दिवसांपुरता. भला माणूस.
दारात चिखल झटकायचा,
तिच्या धाकट्या भावाला, एसाहेलला, त्याने शीळ शिकवली.
सतरा महिने राहिला.
त्याची बंदूक आधी दाराआड असायची,
मग चुलीपाशी, ओल धरू नये म्हणून,
मग बापाच्या खुर्चीला टेकून.
शेवटी बाप उभ्यानेच जेवू लागला.

ओसरी दिली की पाय पसरतात,
हे तिला कागदात वाचावं लागत नाही.

तो राजाचा होता, मी म्हणतो. हे आपले असतील.

गेल्या हिवाळ्यात, ती म्हणते, पीटरशॅमच्या बर्फात
एसाहेलच्या मागे धावले, ते कुणाचे होते?

मी गप्प.
साराटोगाला एसाहेल आणि मी एका घोंगडीत झोपलो होतो.
तो आता व्हर्मांटात, कुणाच्या तरी माळ्यावर.

पण मला तेही आठवतं,
मक्याची कापणी आली तशी
निम्मी तुकडी रातोरात घरी गेलेली,
आणि खंदकात आम्ही अकरा जण,
समोरच्या शेकोट्या मोजत.
हे तिला कधी सांगितलं नाही.
आजही नाही.

दोन वर्षांत वासराची गाय होते, ओबेड.
दिवा विझवताना ती एवढंच म्हणते.
तोवर गोठ्यालाच तिची सवय होते.

पहाटे मी भिंतीवरची बंदूक उतरवली.
पुसली. परत टांगली.
पुन्हा उतरवली; रस्ता जंगलातला आहे.

ओढ्यापर्यंत आलो. घोडा कान टवकारून थांबला,
तेव्हा कळलं, मी शीळ घालतोय,
एसाहेलकडून उचललेली,
त्या सार्जंटाची.